सातव्या आठवड्यातली सलाईन: बायपासनंतरच्या पोषणाचं एक प्रकरण

रुग्ण ३६ वर्षांच्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाई. घर नागपूरच्या मानेवाडा भागात. उंची १५६ सें.मी., शस्त्रक्रियेआधी वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) ४४ च्या किंचित वर. चार वर्षांपासून मधुमेह आणि मेटफॉर्मिन चालू, गुडघेदुखी जुनी. आहार पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मार्चच्या मध्यात वजन कमी करण्यासाठी दुर्बिणीतून रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे हृदयाचा नव्हे तर जठराचा बायपास, झाला. (हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी बांधलेलं आहे, कुण्या एका व्यक्तीचं नाही. आकडे मात्र अशा रुग्णांच्या फायलीत जसे दिसतात तसेच ठेवले आहेत.)

या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा साधारण ३० मिलिलिटरचा तुकडा वेगळा करून त्याची छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेलं जठर, ग्रहणी (जठराला लागून असलेला लहान आतड्याचा तुकडा) आणि त्यापुढच्या आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं. लोह, कॅल्शियम आणि थायमिन म्हणजे बी-१ यांचं शोषण मुख्यतः याच टाळलेल्या भागात होतं. बी-१२ ला आम्ल आणि जठरातून स्रवणारा इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचा पदार्थ लागतो, तोही आता अन्नाला वेळेवर भेटत नाही. म्हणून बायपासनंतरच्या गोळ्या या ‘ताकदीच्या गोळ्या’ नसतात. काढून टाकलेल्या वाटेची ती भरपाई असते, आणि ती आयुष्यभर चालते.

बाईंच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या फायलीत होत्या: हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) १४, बी-१२ १६२, ड जीवनसत्त्व ११. चारही आकडे कमी. शाकाहार आणि वर चार वर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे बी-१२ इतकं खाली असण्यात नवल नाही. मेटफॉर्मिन स्वतःच बी-१२ चं शोषण घटवतं. नंतर जीवनसत्त्वं चालू होणारच आहेत, या विचारानं आधी काही दिलं गेलं नाही. कोठार रिकामं असतानाच वाट बंद केली गेली. शस्त्रक्रियेआधीचे सहा-आठ आठवडे बी-१२ ची इंजेक्शनं, ड जीवनसत्त्वाचे साप्ताहिक डोस आणि लोह दिलं असतं, तर पुढची निम्मी गुंतागुंत टळली असती.

पाचवा ते सातवा आठवडा

पहिले चार आठवडे ठीक गेले. पाचव्या आठवड्यात मऊ खिचडी सुरू केली तशी ती अडकायला लागली. सहाव्यात पातळ पेजही परत यायची. सातव्यात दिवसाला पाच-सहा उलट्या. चावून खायची मल्टिव्हिटॅमिनची गोळी चौथ्या आठवड्यातच बंद झाली होती, कारण तिच्या वासानंच मळमळायचं.

एप्रिल संपत आलेला, कूलर लागलेले. सासूबाईंनी निष्कर्ष काढला की सूनबाईला ऊन लागलं. कैरीचं पन्हं सुरू झालं, ग्लुकोजची पावडर आली, मृग बहाराची शेवटची संत्री आणून रस काढला गेला. याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या एका ओळखीच्या बाईंनी फोनवर सांगितलं, “सुरुवातीला होतेच उलट्या, माह्याही झाल्या होत्या.” वजन १०८ वरून ८७ वर आलं होतं. सात आठवड्यांत २१ किलो हा वेग जरा जास्तच होता, पण घरीदारी सगळे त्या आकड्याचंच कौतुक करत होते.

सहाव्या आठवड्यातला एक दिवस नंतर नवऱ्याच्या आठवणीवरून लिहून काढला. तांदळाची पेज दोन वाट्या, वरणाचं पाणी दोन वाट्या, पातळ ताक दोन ग्लास, संत्र्याचा रस एक ग्लास, ग्लुकोजचं पाणी अधूनमधून. यात प्रथिनं १० ते १२ ग्रॅम, तेही उलटी झाली नाही तर. गरज किमान ६० ग्रॅमची. वरणाचं पाणी हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे: डाळीतलं प्रथिन डाळीच्या गाळात राहतं, वरच्या पिवळ्या पाण्यात जवळपास मीठ-हळदच असते. थायमिनची रोजची गरज साधारण १ ते दीड मिलिग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळाची पेज, ताक आणि साखर यांतून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नसावं.

थायमिनचं गणित इतर जीवनसत्त्वांपेक्षा कठोर आहे. बी-१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो. थायमिन संपूर्ण शरीरात मिळून २५ ते ३० मिलिग्रॅमच असतं आणि पुरवठा थांबला की दोन-तीन आठवड्यांत संपतं. पेशीला ग्लुकोजपासून ऊर्जा काढायची तर ग्लुकोज फुटून बनणारं पायरुव्हेट पुढच्या टप्प्यात ढकलावं लागतं, आणि त्या पायरीवरचं विकर (एन्झाइम) थायमिनशिवाय चालत नाही. त्यामुळे थायमिन कमी असताना साखर जितकी जास्त द्याल, तितकं उरलंसुरलं थायमिन लवकर संपतं. पन्हं, ग्लुकोज पावडर, रस: प्रेमानं दिलेली प्रत्येक गोष्ट नेमकी उलट्या दिशेनं काम करत होती.

आणखी एक गोष्ट चालू होती, जी कुणी विचारेपर्यंत कळली नाही. गुडघे दुखतात म्हणून बाई औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी दिवसाआड घेत होत्या.

रात्रीच्या दोन बाटल्या

शस्त्रक्रियेनंतरच्या ४७ व्या दिवशी संध्याकाळी बाईंना उठताना चक्कर आली. जवळच्या दवाखान्यात नेलं. जीभ कोरडी, नाडी जलद. उलटी थांबवायचं इंजेक्शन आणि ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या दिल्या. म्हणजे ५० ग्रॅम ग्लुकोज सरळ शिरेतून. सकाळी उठल्यावर बाईंना समोरच्या वस्तू दोन दिसत होत्या. पाय फाकवून, भिंतीला धरून चालत होत्या. बहिणीला नणंदेच्या नावानं हाक मारली आणि शाळा सुरू झाली का, हे चारदा विचारलं.

“डॉक्टर साहेब, रात्रीपासून एकाचे दोन दिसून राहिले म्हणते. अशक्तपणानं होते का असं?” हा नवऱ्याचा प्रश्न. अशक्तपणानं असं होत नाही. तपासणीत बुबुळं आडवी थरथरत होती, डोळे बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नव्हते, घोट्याचे प्रतिक्षिप्त झटके नव्हते, तळपायांची जळजळ होती. नाडी ११२, रक्तदाब ९६/६०. पोटॅशियम २.९, फॉस्फेट १.९, मॅग्नेशियम १.४, तिन्ही कमी.

हे वेर्निके एन्सेफॅलोपॅथीचं, म्हणजे थायमिनच्या तुटीनं मेंदूला होणाऱ्या आजाराचं चित्र आहे. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये हा आजार वर्णिला तेव्हा त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोन दारूचं व्यसन असलेले पुरुष होते. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी बाई. तिनं सल्फ्युरिक आम्ल प्यायलं होतं, जठराचं तोंड आकसलं होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. आपल्याकडे या आजाराचं नाव दारूशी इतकं चिकटलं आहे की दारूला कधी न शिवलेल्या शिक्षिकेच्या बाबतीत तो सुचत नाही. त्या तिसऱ्या रुग्णाची गोष्ट मात्र सातव्या आठवड्यातल्या बायपासच्या रुग्णासारखीच आहे.

डोळे, तोल आणि भान अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. आहारातली कमतरता, डोळ्यांच्या हालचालीतला दोष, तोल जाणं, भान किंवा स्मृतीतला बदल या चारांपैकी दोन असतील तर उपचार सुरू करायचे. रक्तातल्या थायमिनचा अहवाल यायला दिवस लागतात; नमुना घेऊन ठेवावा, पण अहवालाची वाट पाहू नये. एमआरआयमध्ये मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसच्या आतल्या बाजूला बदल दिसले तर निदान पक्कं होतं, काही दिसलं नाही तरी ते खोडलं जात नाही. बाईंचा एमआरआय जवळजवळ स्वच्छ आला होता.

उपचार

थायमिन ५०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीनदा, तीन दिवस. त्यानंतर २५० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस. मग तोंडानं १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. इथे वॉर्डात होणारी एक चूक सांगायलाच हवी. ‘बी-कॉम्प्लेक्स टाकलं आहे’ म्हणजे थायमिन दिलं असं नव्हे. मिश्र अँप्यूलमध्ये थायमिन सहसा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असतं, आणि बाटली पिवळी दिसते ती रायबोफ्लेविनमुळे. अँप्यूलवरचा आकडा वाचून डोसचा हिशेब करावा.

पहिला द्रव डेक्स्ट्रोज नाही, नॉर्मल सलाईन. त्यात मोजून पोटॅशियम. मॅग्नेशियमही शिरेतून, कारण ते कमी असेल तर दिलेलं थायमिन कामाला लागत नाही आणि सुधारणा का होत नाही हे कळत नाही. ग्लुकोज लागणारच असेल तर थायमिनच्या पहिल्या डोसनंतर. याला एकच अपवाद: रक्तातली साखर खरोखर घसरलेली असेल तर ग्लुकोज क्षणभरही रोखायचं नाही, थायमिन त्याच वेळी सोबत द्यायचं. हा अपवाद विसरून नियम तेवढा पाठ केला तर तोही घातक ठरतो.

आहार पहिल्या दिवशी ८०० किलोकॅलरीच्या आत ठेवला आणि रोज थोडा वाढवला. सात आठवडे उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, रक्तातलं कोसळतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. पाच दिवस ही तिन्ही क्षारं रोज तपासली.

डोळ्यांच्या हालचाली तिसऱ्या दिवशी बऱ्याच सुधारल्या, भान चौथ्या दिवशी आलं. चाल सुधारायला सहा आठवडे लागले. पायांची जळजळ रेंगाळली.

पाचव्या दिवशी एंडोस्कोपी केली. जठराची पिशवी आणि आतडं यांच्या जोडाचं तोंड जेमतेम ५ मिलिमीटर उरलं होतं, दुर्बीण पुढे जाईना, आणि कडेला एक छोटा व्रण होता. व्रण भरताना जोड आकसला होता, आणि व्रणामागे बहुधा ती डायक्लोफिनॅकची गोळी. फुग्यानं तोंड १२ मिलिमीटरपर्यंत रुंदावलं, दोन आठवड्यांनी पुन्हा १५ पर्यंत. उलट्या थांबल्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर कायमच्या बंद. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि लावायचं औषध. व्रण भरावा म्हणून पॅन्टोप्रॅझोल हे आम्ल कमी करणारं औषध सुरू केलं. ते पुढे पुन्हा आडवं आलं.

जोड आकसण्याची ठरावीक चाल आहे. चौथ्या ते आठव्या आठवड्यात आधी घन पदार्थ अडकतात, मग मऊ, मग पातळ. घास मोठा घेतल्यानं किंवा घाईनं खाल्ल्यानं होणारी उलटी त्या एका जेवणापुरती असते. रोज होणारी, वाढत जाणारी, पाण्यावरही येणारी उलटी ही बिघाडाची खूण. अशी उलटी दोन-तीन दिवस टिकली की कारण सापडण्याआधीच थायमिन सुरू करावं. अति डोसानं होणारा धोका नगण्य, खर्च किरकोळ.

गोळ्यांची पिशवी

नवव्या महिन्यात बाई पुन्हा आल्या. वजन ७४. जिना चढताना दम, केस मुठीनं गळणं, पाय पुन्हा सुन्न. सोबत एक अहवाल: हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ८, पण बी-१२ चक्क ६१० आणि ड जीवनसत्त्व ४६. शेवटचे दोन आकडे बघून घरचे निर्धास्त होते.

अशा वेळी ‘गोळ्या नियमित घेता ना?’ हे विचारून उपयोग नसतो, उत्तर ‘हो’ येतं. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगावं आणि टेबलावर ओतावी. बाईंच्या पिशवीत निघालं: फेरस अ‍ॅस्कॉर्बेट, कॅल्शियम कार्बोनेट, साधी बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूल, मल्टिव्हिटॅमिन, पॅन्टोप्रॅझोल, आणि केसांसाठी आणलेली १० मिलिग्रॅम बायोटिनची (हेही एक ब जीवनसत्त्व) गोळी. शाळेची घाई म्हणून सगळं सकाळी साडेसातला, एकाच घोटात, चहासोबत.

बायोटिन आधी घेऊ, कारण त्यानं अहवालच खोटा ठरवला. रक्ततपासणीच्या काही यंत्रांत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांची एकमेकांवरची पकड वापरून मोजणी होते. रक्तात बायोटिन जास्त असलं की बी-१२ आणि ड जीवनसत्त्व खोटं वाढलेलं दिसू शकतं, तर पॅराथायरॉइड हार्मोन (हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातलं सांभाळणारं) खोटं कमी दिसू शकतं. गोळी तीन दिवस थांबवून पुन्हा रक्त घेतलं: बी-१२ १८८, ड जीवनसत्त्व १६, पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं, १०४. म्हणजे हाडांतून कॅल्शियम काढणं सुरू झालं होतं, रक्तातलं कॅल्शियम मात्र ९.१, अगदी सामान्य. शरीर ते हाडं विकून सांभाळत असतं. म्हणून नुसतं कॅल्शियम तपासून हाडांबद्दल काही कळत नाही. आणि केस? वजन झपाट्यानं उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतातच आणि बहुधा परत येतात. नवव्या महिन्यातही गळत असतील तर लोह, प्रथिनं आणि जस्त बघावं. बायोटिनची कमतरता सहसा नसतेच. केसांसाठी जस्ताच्या जास्त मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेणं तर आणखी वाईट. जस्त तांब्याचं शोषण अडवतं, आणि तांबं कमी झालं की पांडुरोग आणि पायांचा सुन्नपणा, म्हणजे हुबेहूब बी-१२ च्या कमतरतेसारखं चित्र उभं राहतं. ८ ते १५ मिलिग्रॅम जस्तामागे १ मिलिग्रॅम तांबं हे प्रमाण धरावं.

आता बाकीच्या गोळ्या. कॅल्शियम आणि लोह एकाच वाटेनं शोषले जायला झगडतात, दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं. कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं. इथे जठराच्या पिशवीत आम्ल नावापुरतं आणि जे होतं ते पॅन्टोप्रॅझोलनं बंद केलेलं. व्रण तीन महिन्यांत भरला होता, गोळी नंतर कुणी थांबवलीच नाही. बी-१२ ची तीन मासिक इंजेक्शनं झाल्यावर बरं वाटलं म्हणून बंद झाली, आणि बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-१२ आहेच की, असा समज. त्या कॅप्सूलमध्ये ते १५ मायक्रोग्रॅम होतं. बायपासनंतर तोंडानं रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम लागतं.

कॅल्शियमच्या पाकिटावरचा आकडा नीट वाचायला शिकावं लागतं. कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे त्यात खरं कॅल्शियम ५००. सायट्रेट १००० मिलिग्रॅम म्हणजे खरं कॅल्शियम फक्त २१०. आम्लाशिवायही शोषलं जातं म्हणून सायट्रेट निवडायचं, पण ‘हजाराची एक गोळी’ घेतली की दिवसाचं भागलं असं समजायचं नाही. एकूण गरज दिवसाला १२०० ते १५००, आहारासह, आणि एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त शोषलं जात नाही. लोहाचंही तसंच: मासिक पाळी चालू असलेल्या बायपासच्या रुग्णाला रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम मूळ लोह लागतं. सरकारी दवाखान्यातल्या लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीत ६० मिलिग्रॅम मूळ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. महागडी गोळी परवडत नाही म्हणून लोह सोडण्याचं कारणच नाही.

शाळेचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून नवी मांडणी केली. सकाळी नाश्त्यानंतर मल्टिव्हिटॅमिन आणि थायमिन ५० मिलिग्रॅम. चहा त्यानंतर तासाभरानं. मधल्या सुट्टीत अकराला कॅल्शियम सायट्रेटच्या दोन गोळ्या, दुपारी चारला आणखी दोन: मिळून ८४०, बाकी दूध-दह्यातून. रात्री साडेनऊला लोह, अर्ध्या लिंबाच्या पाण्यासोबत. बी-१२ चं इंजेक्शन १००० मायक्रोग्रॅम, पहिले काही आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला एक, आणि तारीख पगाराच्या दिवसाशी बांधलेली. फॉलिक अ‍ॅसिड बी-१२ सोबतच. एकट्या फॉलिक अ‍ॅसिडनं रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतू आतून बिघडत राहतात. ड जीवनसत्त्व ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे; मग दर २० दिवसांनी एक, म्हणजे सरासरी रोज ३००० युनिट. आठवड्याची पुडी तपासणीशिवाय वर्षभर चालू ठेवणं धोक्याचं, कॅल्शियम चढतं. एंडोस्कोपीत व्रण नाही हे बघून पॅन्टोप्रॅझोल हळूहळू बंद.

लोह मात्र तोंडानं भरून निघण्यासारखं राहिलं नव्हतं. तुटीचा हिशेब आदर्श वजन ५६ किलो धरून केला: ५६ गुणिले (१३ वजा ९.६) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००, म्हणजे साधारण ९६० मिलिग्रॅम. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज ५०० मिलिग्रॅम, आठवड्याच्या अंतरानं दोनदा शिरेतून दिलं. या औषधानं फॉस्फेट घसरू शकतं आणि ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत जास्तच घसरतं. म्हणून ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आधी सुरू केल्या आणि दोन आठवड्यांनी फॉस्फेट तपासलं. ते २.४ आलं, थोडं कमी. दूध-दही वाढवून भागलं. लोह शिरेतून दिल्यानंतर थकवा आणि हाडदुखी वाढली तर ‘लोहाचा गुण आला नाही’ असं म्हणून आणखी लोह देण्याआधी फॉस्फेट बघावं.

ताट

बायपासनंतर नागपुरी खाणं सोडावं लागत नाही, क्रम बदलावा लागतो. आधी प्रथिन, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भात किंवा पोळी. पोट वाटीभर, आणि ती वाटी भातानं भरली की दिवस वाया. बाईंचा ठरवलेला दिवस असा: सकाळी ३० ग्रॅम मूगडाळीची दोन छोटी धिरडी, वरून सांबार घालून (म्हणजे आपली कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे), ७ ग्रॅम. अकराच्या आधी एक स्कूप व्हे (दुधातल्या प्रथिनाची पावडर) पाण्यात, २४. दुपारी ५० ग्रॅम पनीर ९, घट्ट वरण अर्धी वाटी ४. संध्याकाळी टांगून निथळलेलं दही १०० ग्रॅम, ८. रात्री २० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांची भुर्जी, १०. बेरीज ६२. व्हे घेतला नाही त्या दिवशी हे गणित बसत नाही, आणि अंडी न खाणाऱ्यांना हे मान्य करावंच लागतं. पाटवडी चालते, तर्रीतली नाही. तर्री पोह्यातले हरभरे उचलून खावेत, पोहे आणि तर्री सोडावी. पोटाला व्रणाचा इतिहास आहे, सावजी रस्सा आता दुसऱ्यांच्या ताटातच राहिलेला बरा. संत्रा बर्फीचा एक पूर्ण तुकडा खाल्ला की अर्ध्या तासात धडधड, घाम, जुलाब: साखर आतड्यात एकदम उतरते आणि पाणी ओढून घेते. तासा-दोन तासांनी रक्तातली साखर उलट खाली जाऊन हात थरथरतात, तेव्हा पुन्हा गोड खाल्लं की तेच चक्र.

पाणी जेवणासोबत नाही, आधी-नंतर अर्धा तास सोडून. मे महिन्यात दोन लिटर एकदम पिणं पिशवीला जमत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट, मीठ-जिऱ्याचं ताक, बिनसाखरेचं लिंबूपाणी. वर्गात बाटली टेबलावर आणि तास संपताना तीन घोट, ही सवय बाईंनी मुलांनाही लावली.

पुढे

रक्त तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी: हिमोग्राम, फेरिटिन, बी-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, यकृत-मूत्रपिंड, बायोटिन असेल तर तीन दिवस आधी बंद. हाडांची घनता दोन वर्षांनी. दुसऱ्या मुलाचा विचार होता, तो शस्त्रक्रियेपासून १२ ते १८ महिने पुढे ढकलायला सांगितला. तोवर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये, शोषण बेभरवशाचं असतं. तांबी चालते, पण पाळी आधीच जास्त जात असेल तर तांब्याऐवजी हार्मोनची, कारण तांब्याच्या तांबीनं रक्तस्राव वाढतो. गरोदरपणात मधुमेहासाठी ग्लुकोज पाजून करायची तपासणी बायपासच्या रुग्णात टाळावी, घरी ग्लुकोमीटरवर आठवडाभर नोंदी घ्याव्यात.

अठराव्या महिन्यात वजन ६८, हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ४६, बी-१२ ५४०, ड जीवनसत्त्व ३४, पॅराथायरॉइड हार्मोन ५८. मेटफॉर्मिन बंद आहे. डोळे कडेला वळवले की बारीक थरथर अजून दिसते आणि सलग दोन तास उभं राहिलं की तळपायांना मुंग्या येतात. या दोन गोष्टी बहुधा राहतील.

बाईंच्या मोबाइलच्या कव्हरमागे एक कार्ड आहे, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: ‘गॅस्ट्रिक बायपास झालेला आहे. उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन शिरेतून द्या. साखर खूप कमी असेल तर दोन्ही एकदम. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. नाकातून नळी अंदाजानं घालू नका.’ खाली सर्जनचा फोन नंबर. कार्डाची दुसरी प्रत नवऱ्याच्या पाकिटात ठेवली आहे, कारण त्या सकाळी बाईंना स्वतःला काहीच सांगता येत नव्हतं.